‘एक अनेक और एकता’ : एका गीतमय लघुपटाची पूर्वपीठिका

इ. स. १९७४ सालीं भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनतर्फे ‘एक अनेक और एकता’ नांवाचा सुमारें सात मिनिटांचा, हलत्या चित्रांचा हिंदी लघुपट प्रसिद्ध झाला. पुढें दूरदर्शनवर तो इतक्या वेळां दाखविला गेला कीं, त्यांतील गाणें एका संबंध पिढीच्या तोंडीं बसलें. असें असूनहि त्याचे कर्ते फारच थोड्यांस ठाऊक आहेत, आणि त्यांतील कथेचें मूळ कोणतें हें तर कोणी विचारीतच नाहीं. या दोन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

लघुपटाची वस्तु अगदीं साधी. धाकटा भाऊ ताईस ‘अनेक’ म्हणजे काय असें विचारतो. ती सूर्यचंद्राचें एकत्व व ताऱ्यांचें अनेकत्व दाखवून पक्ष्यांची गोष्ट सांगते. पक्षी दाणे टिपावयास उतरतात, पारध्याच्या जाळ्यांत सांपडतात, एक चतुर चिमणी सर्वांस एकदम उडावयास सांगते, आणि त्यांचे मित्र उंदीर जाळें कुरतडून टाकितात.

संस्कृताचा अभ्यासक येथें तत्काळ हितोपदेशांतील मित्रलाभाकडे वळेल. पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रांतहि हीच कथा आहे. परंतु या कथेच्या दोन जुन्या शाखा निराळ्याच शेवटाच्या आहेत, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. पालि जातकांपैकीं सम्मोदमान जातकांत लावे पक्षी प्रत्येकीं एका फांसांत डोकें घालून जाळें उचलतात व कांटेरी झुडपावर टाकून निसटतात. पण पुढें एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडल्याचें निमित्त होऊन भांडण जुंपतें, आणि पारधी त्यांस पकडून नेतो. महाभारताच्या उद्योगपर्वांत विदुर सांगतो ती कथा दोनच पक्ष्यांची. तेहि जाळें घेऊन उडतात. पारधी जमिनीवरून त्यांच्या मागें धांवतो, कारण हे भांडतील व पडतील अशी त्याची खात्री असते. तसेंच घडतें. ही कथा कौरवसभेंत सांगितली आहे, व जातकाचें निमित्त कपिलवस्तूच्या आप्तांचा कलह हें आहे. म्हणजे ऐक्य मोडण्याचें भय समोर उभें असतां या कथा सांगितल्या गेल्या. लघुपटानें भांडणाची शाखा सोडून सुटकेची धरली. सात मिनिटांत मुलांसाठीं दुसरें कांहीं शक्य नव्हतें हें खरें. तथापि आमच्या मतें भांडणावांचून ऐक्याची गोष्ट अर्धीच राहते.

याहून महत्त्वाचा फरक निराळाच आहे. हितोपदेशांत कपोतांचा राजा चित्रग्रीव आहे, आणि हिरण्यक मूषक प्रथम त्याचे पाश तोडूं लागतो, तेव्हां ‘आधीं माझ्या आश्रितांचे तोड’ असें तो म्हणतो. आम्हांस त्या कथेचा गाभा हाच वाटतो. लघुपटांत राजा नाहीं. सल्ला देणारी एक शहाणी चिमणी, तीहि इतरांसारखीच. उंदीरहि एक नसून पुष्कळ. विष्णुशर्मा राजपुत्रांस शिकवीत असे. येथें बहीण भावास शिकविते. प्रजासत्ताकांत कथेनें हें रूप घ्यावें यांत नवल नाहीं, मात्र चित्रग्रीवाचा त्याग त्यांत हरवला तो हरवलाच.

आतां कर्त्यांकडे वळूं. दिग्दर्शन विजया मुळे यांचें. त्यांचा जन्म १९२१ सालीं मुंबईस झाला. १९५९ सालीं सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखालीं स्थापन झालेल्या चित्रपट-संस्थांच्या महासंघाच्या आरंभींच्या कार्यकर्त्यांत त्या होत्या. चित्रें भीमसैन यांचीं. फिल्म्स डिव्हिजनमध्यें ही कला डिस्नेच्या संस्थेंत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनीं १९५६ च्या सुमारास शिकविण्यास आरंभ केला, आणि तेथील पहिल्या फळांपैकीं एक, ‘द बनियन डीअर’ (१९५७), हेंहि जातककथेवरच आधारलेलें होतें. एकंदरींत या कलेनें आपल्याकडे पाऊल टाकलें तें जातकाचें बोट धरून.

संगीत वसंत देसाई यांचें. ते मूळचे सावंतवाडीकडचे. ‘दो आंखें बारह हाथ’ (१९५७) व ‘गुड्डी’ (१९७१) यांतील त्यांच्या प्रार्थना शाळाशाळांतून म्हटल्या गेल्या, तेव्हां मुलांच्या गळ्यास झेपेल अशी चाल बांधण्याचा हातखंडा त्यांस होताच. शेवटचें देशगीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचें. विनायकबुवा पटवर्धनांचे ते शिष्य, आणि १९३९ सालीं दिल्लीस गांधर्व महाविद्यालय त्यांनींच स्थापिलें. अर्थात् विष्णु दिगंबरांची परंपराच येथें मुलांच्या तोंडीं आली. गाणारी मुलगी साधना घाणेकर, पुढें साधना सरगम, दाभोळची. वय तेव्हां अवघें पांच वर्षांचें.

प्रसाराचा काळहि पाहण्याजोगा आहे. मुंबईस दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें होतें, पण लघुपट निघाला तेव्हां तें मोजक्या शहरांपुरतेंच होतें. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षांत उपग्रहाच्या साहाय्यानें सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत तें प्रयोगादाखल पोंचलें, आणि १९८२ पासून राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झाल्यावर घरोघर शिरलें. त्यानंतरच्या वर्षांत आम्ही वर्गांत मित्रलाभ आरंभिला कीं मागच्या बाकांवरून गाणें ऐकूं येई, आणि चित्रग्रीवाचे कपोत मुलांच्या उत्तरपत्रिकांत हटकून चिमण्या होत.

वसंत देसाई यांस हा प्रसार पाहावयास मिळाला नाहीं; २२ डिसेंबर १९७५ रोजीं उद्वाहकाच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. भीमसैन एप्रिल २०१८ मध्यें व विजयाबाई मे २०१९ मध्यें निवर्तल्या.