कमी बजेटमध्ये उत्तम फिनिशिंगचे यांत्रिक घड्याळ : रत्नागिरीत राहणाऱ्यांनी काय पाहावे?

यांत्रिक घड्याळात सेल नसतो. चावी दिली की आतली मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडताना तिची ताकद दातेरी चक्रांमधून तोलचक्रापर्यंत पोहोचते आणि तोलचक्राच्या ठरावीक झोक्यांवर काटे पुढे सरकतात. ऑटोमॅटिक घड्याळात मनगटाच्या हालचालीने फिरणारे एक वजन हीच स्प्रिंग गुंडाळते. अचूकतेत साधे क्वार्ट्झ घड्याळ यापेक्षा सरस असते. तरीही लोक यांत्रिक घड्याळावर जास्त पैसे खर्च करतात, कारण त्यांना त्यातले यंत्र आणि त्यावरचे बारीक काम आवडते. नीट जपले तर असे घड्याळ पुढच्या पिढीलाही वापरता येते. रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात मात्र हे ‘नीट जपणे’ खरेदीच्या दिवशीच सुरू होते.

फिनिशिंग म्हणजे काय?

घड्याळाच्या प्रत्येक भागाचा पृष्ठभाग आणि कडा कशा संपवल्या आहेत, त्याला फिनिशिंग म्हणतात. उंची घड्याळांत यंत्राच्या पट्ट्यांच्या कडा तिरक्या कापून आरशासारख्या चमकवतात, पट्ट्यांवर समांतर लाटांसारख्या रेघा ओढतात आणि स्क्रूची डोकीही पॉलिश करतात. तिरक्या कडा जिथे आतल्या बाजूला वळून एकमेकींना भेटतात, तो कोपरा खरा कस दाखवतो. फिरत्या हत्याराने केलेला आतला कोपरा गोलसर राहतो. तो टोकदार हवा असेल तर कारागिराला हाताने घासावा लागतो. अशा कामाला तास लागतात, म्हणून किंमत लाखांत जाते. जिनिव्हात अशा दर्जाच्या घड्याळांवर उमटवल्या जाणाऱ्या मुद्रेची परंपरा १८८६ पासूनची आहे.

मर्यादित बजेटमध्ये यंत्रावर असे हातकाम मिळत नाही. मागच्या पारदर्शक झाकणातून दिसणाऱ्या रेघा स्वस्त घड्याळांत बहुधा मशिनने मारलेल्या असतात. त्यामुळे तबकडी, काटे, तासांच्या खुणा आणि केसच्या कडा यांकडे अधिक लक्ष द्यावे. घड्याळ वापरताना नजर रोज याच भागांवर पडते आणि मध्यम किमतीतही या भागांवर चांगले काम मिळू शकते.

रत्नागिरीच्या हवेचा हिशेब

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते. ओल आत शिरली तर तबकडीवर डाग पडतात, काट्यांवर गंज चढतो आणि यंत्राचे पोलादी भाग खराब होतात. चामड्याच्या पट्ट्यावर चार महिन्यांत बुरशी धरते.

म्हणून इथल्या ग्राहकाने पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आकडा आधी पाहावा. ‘३० मीटर’ लिहिलेले घड्याळ ३० मीटर खोल नेण्यासाठी नसते. तो आकडा कारखान्यातल्या दाबचाचणीचा असतो आणि व्यवहारात त्याचा अर्थ हात धुताना उडणारे थेंब सोसणारे घड्याळ एवढाच होतो. ५० मीटरचे घड्याळ पावसाच्या सरींना बऱ्यापैकी तोंड देते. भाट्ये किंवा मांडवीच्या किनाऱ्यावर नेहमी जाणाऱ्याने १०० मीटरचे घ्यावे. स्टेनलेस स्टीलची केस, स्क्रूने बसणारे मागचे झाकण आणि सॅफायर काच असेल तर उत्तम. स्टीलवरही मीठ साचून राहिले तर बारीक खड्डे पडतात, त्यामुळे समुद्रावरून आल्यावर चावी घट्ट बसल्याची खात्री करून घड्याळ गोड्या पाण्याने पुसावे.

तीन वाटा

पहिली वाट नव्या मध्यम किमतीच्या घड्याळांची. सेको प्रेसाजची ‘कॉकटेल टाइम’ मालिका उजेडात रंग बदलल्यासारख्या वाटणाऱ्या तबकडीसाठी ओळखली जाते. तिची क्षमता ५० मीटरची आहे, पण काच सॅफायर नसून सेकोची हार्डलेक्स असते. ओरिएंट बॅम्बिनो दिसायला देखणे आणि तुलनेने स्वस्त आहे, मात्र त्याची क्षमता ३० मीटरची, म्हणजे ते कोरड्या दिवसांचे घड्याळ. टिसॉ जेंटलमन पॉवरमॅटिक ८० अधिक महाग आहे. त्याला १०० मीटरची क्षमता, सॅफायर काच आणि एकदा पूर्ण चावी भरल्यावर ८० तास चालणारे यंत्र मिळते. एकच घड्याळ बारा महिने वापरायचे असेल तर रत्नागिरीसाठी या तिघांत तेच सोयीचे.

दुसरी वाट वापरलेल्या उंची घड्याळांची. १९६० मध्ये सुरू झालेली ग्रँड सेको मालिका केसच्या सपाट, लहर नसलेल्या पॉलिशसाठी प्रसिद्ध आहे. जर्मनीतल्या ग्लासह्युटेचे नोमोस स्वतःच्या यंत्रांसाठी ओळखले जाते. ही घड्याळे नव्या किमतीपेक्षा कमीत मिळू शकतात, पण कागदपत्रे आणि सर्व्हिसची नोंद नसेल तर सौदा टाळावा. केसवर पुन्हा पॉलिश केले आहे का, हेही पाहावे. निष्काळजी पॉलिशने धारदार कडा गोल होतात आणि ज्या कामासाठी पैसे मोजले तेच नाहीसे होते.

तिसरी वाट जुन्या एचएमटीची. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळनिर्मिती सुरू केली. चावीचे, १७ ज्वेलचे ‘जनता’ अनेक मराठी घरांत आजोबांच्या मनगटावर असे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. त्यानंतर जुन्या घड्याळांना मागणी वाढली आणि नव्याने रंगवलेल्या तबकड्या बसवून, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून विकणेही वाढले. भडक रंगाची तबकडी, फिस्कटलेली अक्षरे किंवा खरवडलेली केस दिसली तर सावध व्हावे. फिनिशिंगच्या दृष्टीने ही साधी घड्याळे आहेत आणि ओलीपासून त्यांना फारसे संरक्षण नसते. घरातले मूळ ‘जनता’ असेल तर ते साफ करून घेऊन हिवाळ्यात वापरावे.

दुकानात पाहताना

१० पट मोठे दाखवणारे भिंग फार महाग नसते, ते सोबत न्यावे. काट्यांच्या कडांवर खरबरीतपणा आहे का, तासांच्या खुणा सरळ रेषेत बसल्या आहेत का, छपाईची अक्षरे स्वच्छ आहेत का, तारखेचा आकडा खिडकीच्या मधोमध येतो का, हे तपासावे. पॉलिश केलेला आणि बारीक रेघांचा भाग जिथे मिळतो ती सीमा स्वच्छ हवी. चावी ओढून काटे फिरवावेत. ते अडकता किंवा डगमगता कामा नयेत.

अचूकतेची अपेक्षाही आधी ठरवावी. स्वित्झर्लंडमधील क्रोनोमीटर प्रमाणपत्रासाठी दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मर्यादा असते. मध्यम किमतीच्या घड्याळांना कंपन्या याहून बरीच मोकळी मर्यादा देतात. दिवसाला १० सेकंद पुढे जाणारे घड्याळ महिन्यात ५ मिनिटे पुढे जाते. तो बिघाड नव्हे.

सर्व्हिसचे पैसे बाजूला ठेवावेत

यांत्रिक घड्याळातले तेल काही वर्षांत सुकते किंवा घट्ट होते आणि पाणी अडवणारे रबरी सील कडक होतात. म्हणून साधारण तीन ते पाच वर्षांनी घड्याळ उघडून साफ करावे लागते. परदेशी कंपन्यांच्या अधिकृत सेवेसाठी रत्नागिरीकरांना बहुधा मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. खरेदीपूर्वीच पूर्ण सर्व्हिसचा दर आणि लागणारे दिवस विचारून घ्यावेत. हातात ५०,००० रुपये असतील तर सगळे घड्याळावर न घालता पहिल्या सर्व्हिसएवढी रक्कम बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरते.

दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, घड्याळाची दाबचाचणी करून घ्यावी. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा काढून स्टीलचा, रबराचा किंवा नायलॉनचा लावावा. न वापरलेले घड्याळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवलेल्या बंद डब्यात ठेवावे. काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली तर ती आपोआप जाण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी जाणकार घड्याळजीकडून ते उघडून कोरडे करून घ्यावे, कारण आत राहिलेली ओल काही दिवसांतच गंज धरवते.