दिवसभर लॅपटॉपसमोर बसता? मान का आखडते, डोळे का चुरचुरतात आणि काय करायचं?

संध्याकाळी सहाच्या सुमारास मान आखडलेली असते, डोळे चुरचुरत असतात आणि मेलमधल्या एका साध्या ओळीनेही डोकं फिरतं. ‘चांगली खुर्ची घ्या’ हा सल्ला सगळ्यांनीच ऐकलाय. पण बऱ्याचदा घोळ खुर्चीत नसतो, लॅपटॉपमध्येच असतो.

लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. कीबोर्ड हाताला सोयीचा ठेवला की स्क्रीन खाली जातो आणि मान वाकते. स्क्रीन डोळ्यांसमोर आणला की खांदे उचलून टाईप करावं लागतं. दोन्ही एकाच वेळी नीट जमत नाही. हे यंत्र सोबत नेता यावं म्हणून बनलं, रोज आठ-नऊ तास त्यावर मान मोडून बसण्यासाठी नाही.

आपल्या डोक्याचं वजन साधारण ५ किलो. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार मान १५ अंशात वाकली की मानेवर सुमारे १२ किलोंचा भार येतो आणि ६० अंशात वाकली की २७ किलोंचा. हे आकडे कॉम्प्युटर मॉडेलवरून काढलेत, माणसांवर मोजलेले नाहीत. त्यामुळे ते वाचून घाबरायचं कारण नाही, पण मान जितकी खाली तितका ताण जास्त, एवढं लक्षात ठेवा.

उपाय स्वस्त आहे. वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या आणि लॅपटॉप स्टँडवर ठेवा. स्टँड नसेल तर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठाही चालतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी आणि अंतर हातभर. कोपर साधारण काटकोनात. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. आणि हो, पलंगावर लोडाला टेकून काम करणं अर्ध्या तासापुरतं ठीक, शिफ्टभर नाही.

एवढं करूनही एकाच जागी तासन्‌तास बसलात तर अंग आखडणारच. फोन आला की उभं राहून बोला. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर मनगटातली नस दबत असू शकते. अशा वेळी बाम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यांचं काय? स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या मिटायचंच विसरतो, त्यामुळे डोळ्यांवरचा ओलावा सुकतो. त्यात एसीचा झोत तोंडावर असेल तर बघायलाच नको. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे बघा. समोरच्या इमारतीची गच्चीही चालेल. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांची जाहिरात जोरात असते, पण २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ चाचण्या तपासल्यावर डोळ्यांचा ताण कमी करण्यात त्यांचा फारसा फायदा दिसला नाही. ते पैसे कीबोर्डवर घाला.

आता तासांबद्दल. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. पुण्यात बसून अमेरिकेच्या वेळेला मीटिंग घेणाऱ्यांनी हा आकडा टीमलीडलाही पाठवावा. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काचा कायदा २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. तोवर शिफ्ट संपल्यावर ऑफिसच्या ग्रुपचे नोटिफिकेशन बंद करणं तुमच्या हातात आहे.

सततचा थकवा, कामाबद्दल तिटकारा आणि ‘आपल्याला काही जमत नाही’ ही भावना, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर त्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही, तर कामातून उद्भवणारी अवस्था म्हणते. त्यामुळे नुसती सुट्टी घेऊन भागेलच असं नाही, कामाचा भार कमी करण्याबद्दलही बोलावं लागतं. झोप उडाली असेल किंवा मन फारच खचलं असेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.