सगळे ठिपके सारखेच?

मागच्या वर्षी एका प्रोजेक्टमध्ये माझी चांगलीच फजिती झाली. तापलेलं यंत्र बंद केल्यावर किती वेगाने थंड होतं, ते सेन्सरच्या आकड्यांवरून काढायचं होतं. यंत्र सुरुवातीला खोलीपेक्षा ८० अंश गरम, शेवटी फक्त ४ अंश. एक्सेलमध्ये ठिपके टाकले, एक्स्पोनेन्शियल ट्रेंडलाइनवर टिचकी मारली, आलेला आकडा मेल केला आणि मोकळा झालो! दोन दिवसांनी एक सीनिअर शांतपणे म्हणाले, "अरे, सेन्सर २ अंश इकडे-तिकडे दाखवतो. मग त्या शेवटच्या ४ अंशांवर तुझा एवढा भरवसा कसा?"

गोम अशी, की ही ट्रेंडलाइन आधी आकड्यांचे लॉग घेते आणि मग त्यावर सरळ रेष बसवते. ८० मधली २ अंशांची चूक लॉगमध्ये साधारण ०.०२५ होते, ४ मधली ०.५. वीसपट! आणि एक्सेलच्या लेखी दोन्ही ठिपके सारखेच. (कॉलेजात हे कुणी शिकवलंच नाही... खरं तर शिकवलंही असेल, मी मागच्या बाकावर होतो.)

मग त्या शनिवारी वाचत बसलो, तर हा प्रश्न तीनशे वर्षं जुना निघाला. रॉजर कोट्स हा केंब्रिजचा प्राध्यापक. न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'ची १७१३ ची दुसरी आवृत्ती यानेच संपादित केली. १७१६ मध्ये बिचारा अवघ्या ३३ व्या वर्षी गेला. त्याचे कागद रॉबर्ट स्मिथ या नातेवाइकाने १७२२ मध्ये छापले. त्यात एक साधीशी युक्ती आहे: एकाच गोष्टीची अनेक मापं असतील, तर ज्यात चूक जास्त त्याला वजन कमी द्या आणि सगळ्यांचा गुरुत्वमध्य घ्या. चूक दुप्पट, तर वजन निम्मं.

पुढे लजांद्रने १८०५ मध्ये लघुतम वर्गांची पद्धत छापली. गाउस म्हणाला, मी तर ती १७९५ पासूनच वापरतोय. ते भांडण वेगळंच, असो. पण १८०९ च्या ग्रंथात गाउसने असमान अचूकतेच्या मापांचाही हिशोब मांडला. चूक दुप्पट, तर वजन निम्मं नाही, पाव!

पटत नसेल तर करून बघा. एक माप १०, चूक १. दुसरं १३, चूक २. साधी सरासरी ११.५ येते आणि तिची चूक सुमारे १.१२, म्हणजे एकट्या पहिल्या मापापेक्षाही वाईट! दुसरं माप घेऊन आपण नुकसानच करून घेतलं. कोट्सच्या वजनांनी ११ येतात, चूक ०.९४. गाउसच्या वजनांनी १०.६, चूक ०.८९. म्हणजे कच्चं मापही उपयोगाचं असतं, फक्त त्याला डोक्यावर बसवायचं नाही.

एक्सेलच्या ट्रेंडलाइनमध्ये वजनं द्यायची सोयच नाही. पण जुगाड आहे. लॉगचा रकाना, वेळेचा रकाना आणि एक नुसत्या १ चा रकाना, तिन्हींना त्या त्या ओळीतल्या मूळ तापमान-फरकाने गुणायचं आणि लाइनेस्ट फंक्शन स्थिरांक बंद ठेवून चालवायचं. आता ८० च्या ठिपक्याला ४ च्या ठिपक्यापेक्षा चारशेपट वजन मिळतं.

सोमवारी सकाळी नवा आकडा पाठवला. मेलच्या सुरुवातीला 'दुरुस्ती' असं लिहिलं, आणि कारणही.