कम्युनिकेटर आणि मोबाइल फोन : आधी कल्पना की आधी तंत्रज्ञान?

मोबाइलवरील प्रकल्प-अहवालांत एक वाक्य हमखास आढळते : ‘मोबाइलची कल्पना स्टार ट्रेक या मालिकेतून आली.’ हे विधान कितपत खरे आहे, ते या टिपणात तपासू.

मालिकेतील उपकरण

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. वाह चँग यांनी घडवलेला तिच्यातील कम्युनिकेटर तळहातावर मावत असे. जाळीदार झाकण उघडायचे आणि बोलायचे. १९६७ मधील ‘मिरर, मिरर’ या भागात कॅप्टन कर्क आणि त्याचे तीन सहकारी एका समांतर विश्वात पोहोचतात. यान तेच, चेहरे तेच, पण माणसे क्रूर. यानावरील संभाषण कोणी ऐकेल या भीतीने ते एकमेकांशी कम्युनिकेटरवर संपर्क ठेवतात. संपर्काचे साधन जागेला नव्हे, तर व्यक्तीला जोडलेले असावे, ही कल्पना येथे स्पष्ट दिसते.

प्रत्यक्ष क्रम

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक मोटोरोलाचा हातात धरण्याचा रेडिओ वापरत होते. १९४६ मध्ये डिक ट्रेसी या चित्रकथेतील गुप्तहेराच्या मनगटावर रेडिओ आला. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्जचे डग्लस रिंग यांनी सेल्युलर रचनेचे टिपण लिहिले. म्हणजे मूळ तत्त्व मालिकेच्या जवळजवळ १९ वर्षे आधीचे. ३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून प्रतिस्पर्धी बेल लॅब्जमधील जोएल एंगेल यांना हातातील फोनवरून फोन केला. त्या फोनचे वजन किलोभराहून अधिक होते. आपली खरी प्रेरणा डिक ट्रेसीचा रेडिओ होता, असे कूपर यांनी पुढे सांगितले आहे.

कार्यपद्धतीतील फरक

कम्युनिकेटर थेट कक्षेतील यानाशी बोलतो. त्याला टॉवर लागत नाही. त्या दृष्टीने तो सॅटेलाइट फोनचा नातेवाईक ठरतो. मोबाइल मात्र जवळच्या टॉवरशी बोलतो. शहराचे लहान सेल पाडून तीच फ्रिक्वेन्सी दूरच्या सेलमध्ये पुन्हा वापरली जाते, म्हणूनच मोजक्या फ्रिक्वेन्सींवर लाखो लोक बोलू शकतात. चालत्या गाडीत कॉल न तुटता एका सेलमधून दुसऱ्यात सोपवावा लागतो. खरी अडचण इथे होती, आणि मालिकेत तिला जागाच नव्हती.

निष्कर्ष

मालिकेने लोकांच्या मनात अपेक्षा रुजवली, उपकरणाला एक ओळखीचा आकार दिला. १९९६ चा घडीचा फोन ‘स्टारटॅक’ पाहिला की कम्युनिकेटर आठवतोच. पण साम्य म्हणजे कारण नव्हे. ते एक वाक्य लिहिले की रिंग यांच्यासारख्या अभियंत्यांचे काम इतिहासातून पुसले जाते. अहवाल लिहिताना आधी तारखा मांडा, मग श्रेय द्या.

विचारासाठी प्रश्न : फ्रिक्वेन्सीचा पुनर्वापर शक्य नसता, तर हातातील फोन किती लोकांना मिळाला असता?