मेंढ्या राखणाऱ्याचे बारसे

बंगल्याच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी दिसली की आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर एकच मूर्ती उभी राहते : ताठ कान, काळी पाठ, झुबकेदार शेपूट. अल्सेशियन! हा पहारेकरी मुळात मेंढपाळाचा गडी, आणि त्याचे हे नाव एका महायुद्धाच्या रागातून पडलेले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

जर्मनीत उघड्या शेतांमधून मेंढ्या चारताना कुंपण कुठले असणार? पिकाच्या कडेने दिवसभर येरझारा घालून कळपाला पिकात शिरू द्यायचे नाही, हे काम कुत्र्याचे. तोच चालते कुंपण. प्रांताप्रांताचा कुत्रा निराळा. थुरिंगियातला लहानखुरा, ताठ कानांचा, तर वुर्टेंबर्गचा थोराड. 1899 च्या एप्रिलमध्ये कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात माक्स फॉन श्टेफानित्स ह्या घोडदळातील कप्तानाने 'हेक्टर' नावाचा कुत्रा विकत घेतला, त्याला 'होरांड' म्हटले, आणि त्याच महिन्यात संस्था काढून तिच्या नोंदवहीत त्याला पहिला क्रमांक दिला. जातीचे नाव अगदी सरळ : जर्मन मेंढपाळी कुत्रा.

पुढे पहिले महायुद्ध पेटले आणि 'जर्मन' हा शब्द इंग्रजांना टोचू लागला. अमेरिकेतील केनेल क्लबने 1917 मध्ये नुसते 'शेपर्ड डॉग' ठेवले. इंग्लंडने 1919 मध्ये नवेच बारसे केले : 'अल्सेशियन वुल्फ डॉग'. अल्सास म्हणजे 1871 पासून जर्मनांकडे असलेला आणि नुकताच फ्रान्सकडे परतलेला सरहद्दीवरचा प्रांत. कुत्रा तोच, मुलूख तेवढा मित्राचा!

पण नावातला लांडगा भोवला. मेंढ्या राखणाराच मेंढ्यांचा काळ ठरला. तो रानकुत्र्यांत मिसळून कळप फाडील, ह्या धास्तीने ऑस्ट्रेलियाने 1929 मध्ये त्याच्या आयातीवर बंदी घातली; ती उठायला सत्तरीचे दशक उजाडले. इंग्लंडात 'वुल्फ' पुढे गळाला, 'अल्सेशियन' टिकला आणि इंग्रजीबरोबर आमच्याही तोंडी बसला. 1977 मध्ये तिथल्या केनेल क्लबने जर्मन नाव परत दिले, तरी कंसातला अल्सेशियन 2010 पर्यंत हलला नाही.

पांढऱ्यांची कथा तर आणखी विचित्र. होरांडच्या आईचा बाप ग्राइफ पांढराशुभ्र होता. तरीही 1933 मध्ये जर्मनीने पांढरा रंग जातीबाहेर टाकला. त्याच रक्ताच्या कुत्र्यांना आंतरराष्ट्रीय संघाची पूर्ण मान्यता मिळाली ती 2011 मध्ये, आणि तीही 'पांढरा स्विस मेंढपाळी' ह्या नावाने.