शालेय ग्रंथालयासाठी ऑनलाइन साधने
शालेय ग्रंथपालाला उपयोगी पडणारी इंटरनेटवरील पुस्तके, कोश आणि संग्रह. ही साधने आल्यावर ग्रंथपालाची गरज उरली नाही, असे म्हटले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीसह अनेक भाषांतील बालकथा मोफत मिळतात. कथेवर पहिली ते चौथी अशी वाचनपातळी नोंदलेली असते. पण पातळी म्हणजे इयत्ता नव्हे. पाचवीतल्या अडखळत वाचणाऱ्या मुलाला पहिल्या पातळीची गोष्ट द्यायची, तीही त्याला कमीपणा न वाटू देता, हे काम संकेतस्थळ करत नाही. मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे, परंतु त्याची भाषा प्रौढ वाचकाची. सातवीच्या प्रकल्पासाठी नोंदीतला नेमका परिच्छेद काढून देणारे कोणीतरी लागतेच.

गावात नेटच धड नसते, हा आक्षेप खरा, पण निर्णायक नाही. स्टोरीवीव्हरवरील पुस्तके क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची असल्याने तालुक्याच्या गावी उतरवून घेता येतात, छापून वाटता येतात, त्यांचे भाषांतरही करता येते. मात्र लेखक-चित्रकारांचे श्रेय गाळता येत नाही. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या प्रत्येक पीडीएफला ही मोकळीक नसते, आणि फुकट मिळाले म्हणजे वाटायला हरकत नाही हा समज तर शिक्षकांतही आढळतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे प्रताधिकार टिकतो. साने गुरुजी 1950 मध्ये वारले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके 2011 पासून मुक्त आहेत. आजच्या लेखकाची स्कॅन केलेली कादंबरी मात्र नाही.