बारा वर्षांचा उशीर: मुंबईतील निर्देशांक निधींचा पूर्वेतिहास

शेअर बाजाराच्या एखाद्या निर्देशांकात ज्या कंपन्या असतील त्यांचेच शेअर त्याच प्रमाणात घेऊन ठेवणारा आणि स्वतः कसलीही निवड न करणारा म्युच्युअल फंड म्हणजे निर्देशांक निधी, अर्थात व्यवहारातला इंडेक्स फंड होय. या निधींचे जे प्रकार आज गुंतवणूकदारापुढे मांडले जातात, त्यांचा उगम गुंतवणुकीच्या तत्त्वांविषयीच्या मतभेदांत शोधण्याची प्रथा आहे; परंतु मुंबईचा इतिहास पाहिला तर शेअर हातोहात कसे फिरत आणि सौद्याचा हिशेब किती दिवसांत पुरा होई, या रुक्ष बाबींनीच हे प्रकार घडवले असे दिसते.

1875 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई शेअर बाजाराने तीस कंपन्यांचा सेन्सेक्स 1986 मध्ये प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि 1978-79 हे वर्ष आधारभूत धरून त्या वर्षाचे मूल्य 100 मानले. मात्र सेन्सेक्सच्या मागे चालणारा, युनिट ट्रस्ट या सरकारी गुंतवणूक संस्थेचा 'मास्टर इंडेक्स फंड' निघाला तो 1998 मध्ये. मधल्या बारा वर्षांच्या उशिराचे कारण कल्पनेचा अभाव हे नव्हते, कारण अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने 1971 मध्येच एका निवृत्तिवेतन निधीसाठी असा प्रयोग केला होता आणि जॉन बोगल यांनी 1976 मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी पहिला इंडेक्स फंड काढला होता. बोगल यांना 15 कोटी डॉलरची अपेक्षा असताना जेमतेम 1.13 कोटी डॉलर जमले, आणि एवढ्या रकमेत त्याच्या निर्देशांकातील सर्व पाचशे कंपन्यांचे शेअर योग्य प्रमाणात घेणे परवडणारे नसल्याने त्यांना काही कंपन्यांच्या नमुन्यावर भागवावे लागले. वेल्स फार्गोच्या प्रयोगात प्रत्येक कंपनीत सारखीच रक्कम ठेवण्याचे धोरण होते. भाव हलले की ही समानता मोडत असे आणि ती पुन्हा साधण्यासाठी सतत खरेदी-विक्री करावी लागे, तेव्हा खर्चाला कंटाळून ही पद्धत पुढे सोडून देण्यात आली. समभार निर्देशांकाचे, म्हणजे प्रत्येक कंपनीला सारखे वजन देणाऱ्या निर्देशांकाचे, फंड आज नवी कल्पना म्हणून विकले जातात, त्यांची ही जुनी अडचण त्यामुळेच ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मुंबईतली अडचण याहून प्राथमिक होती. शेअर कागदी प्रमाणपत्रांच्या रूपात होते, त्यांचे सौदे बहुधा 50 किंवा 100 शेअरच्या गठ्ठ्याने, म्हणजे 'मार्केट लॉट'ने होत, आणि हस्तांतराच्या अर्जावरील सही कंपनीच्या दप्तरातील सहीशी जुळली नाही तर ते शेअर 'बॅड डिलिव्हरी' ठरून परत येत. जो निधी रोज येणारी लहानमोठी रक्कम तीस कंपन्यांत ठरलेल्या प्रमाणात वाटू पाहतो, त्याला अशा बाजारात पाऊल टाकणेही कठीण होते. निवड करणारा व्यवस्थापक नको असलेला शेअर टाळू शकतो, निर्देशांकाच्या मागे चालणाऱ्याला ती मुभा नसते. 1996 मध्ये डिपॉझिटरी कायदा आला, त्याच वर्षी शेअर संगणकीय नोंदींच्या रूपात, म्हणजे डीमॅट पद्धतीने, ठेवण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि मगच ही वाट मोकळी झाली.

मोजमापाचा प्रश्न तरीही उरला. सेन्सेक्समधील कंपनीचे वजन आरंभी तिच्या एकूण बाजारमूल्यावर ठरत असे, त्यामुळे प्रवर्तकांकडे किंवा सरकारकडे अडकून पडलेले आणि बाजारात कधीच विक्रीला न येणारे शेअरही त्यात धरले जात. सप्टेंबर 2003 पासून सेन्सेक्सने आणि 2009 मध्ये निफ्टी या दुसऱ्या प्रमुख निर्देशांकाने केवळ विक्रीयोग्य शेअर मोजण्याची 'फ्री फ्लोट' पद्धत स्वीकारली. म्हणजे 'निवड न करणारा' म्हणवणारा निधीदेखील अखेर निर्देशांकातील कंपन्या आणि वजन मोजण्याची रीत ठरवणाऱ्या समितीच्या निवडीमागेच चालत असतो.

जुलै 2001 हा महिना या कथेत विशेष महत्त्वाचा आहे. त्या महिन्यात सौदा पुढच्या हिशेबात ढकलण्याची जुनी बदला पद्धत बंद झाली, प्रमुख शेअरांना दर दिवसाचा हिशेब स्वतंत्रपणे पुरा करणारी 'रोलिंग सेटलमेंट' लागू झाली, आणि त्याच महिन्यात युनिट ट्रस्टने आपल्या 'यूएस-64' योजनेची खरेदी-विक्री थांबवल्याने असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांचा पैसा अडकला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेंचमार्क म्युच्युअल फंडाने 'निफ्टी बीज' ही भारतातील पहिली ईटीएफ योजना, म्हणजे शेअरप्रमाणे बाजारात दिवसभर विकता-घेता येणारी निधीची युनिट, आणली; एका युनिटचे मूल्य त्या वेळी निफ्टीच्या सुमारे एक दशांश होते. या रचनेचा अमेरिकी जनक नेथन मोस्ट याला ती कल्पना गोदामातील मालाच्या पावतीवरून सुचली होती: माल जागचा हलत नाही, पावती मात्र हातोहात फिरते. ईटीएफमध्ये मोठा व्यापारी शेअरांची टोपली निधीकडे देऊन युनिट घेतो आणि ती बाजारात विकतो, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खरेदी-विक्रीचा खर्च टिकून राहणाऱ्या युनिटधारकांवर फारसा पडत नाही. उलट साध्या इंडेक्स फंडात तो सर्वांत वाटला जातो. पण तेथे डीमॅट खाते लागत नाही आणि युनिट दिवसअखेरच्या निव्वळ मालमत्ता मूल्यानेच मिळते, तर ईटीएफला पुरेसे गिऱ्हाईक नसेल तर बाजारातला भाव त्या मूल्यापासून दूर सरकू शकतो. हप्त्याहप्त्याने थोडी रक्कम गुंतवणाऱ्या पगारदारासाठी, या दृष्टीने पाहता, साधा फंडच अधिक सोयीचा म्हणावा लागेल.

तुलनेचा मापदंडदेखील उशिराच दुरुस्त झाला. निर्देशांकाच्या नेहमीच्या आकड्यात कंपन्यांनी वाटलेला लाभांश नसतो, निधीला मात्र तो मिळतो, त्यामुळे निवड करणारे फंड दीर्घकाळ आपल्या कामगिरीपुढे प्रत्यक्षापेक्षा ठेंगणा निर्देशांक उभा करू शकत होते; फेब्रुवारी 2018 पासून बाजाराची नियामक संस्था सेबीने लाभांश धरून काढलेला निर्देशांकच तुलनेसाठी बंधनकारक केला.

ईटीएफचा भारतातील विस्तार मात्र अशा तुलना करणाऱ्या गुंतवणूकदारांमुळे झालेला नाही. ऑगस्ट 2015 पासून कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटना नव्या जमेचा 5 टक्के भाग सेन्सेक्स आणि निफ्टीच्या ईटीएफमध्ये गुंतवू लागली, 2017 मध्ये हे प्रमाण 15 टक्क्यांवर गेले, आणि ज्या कामगारांच्या पगारातून ही रक्कम कापली जाते त्यांना इंडेक्स फंड की ईटीएफ हे ठरवण्याची वेळच आली नाही.